अजिंठ्याची रेषा आणि देवमातेचे रूप : चित्रकार आंजेलो द फोन्सेका

वसमतसारख्या गावी राहणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबांत धार्मिक चित्र म्हटले की डोळ्यांपुढे येते ते भिंतीवरचे कॅलेंडर, प्रार्थनापुस्तकाच्या पानांत जपून ठेवलेले एखादे लहानसे पवित्र चित्र, आणि फार तर चौकटीत बसवून दिव्याखाली लावलेले येशूच्या पवित्र हृदयाचे चित्र. या चित्रांतील पवित्र मरिया गोरीपान असते, तिच्या अंगावर निळा झगा असतो आणि तिच्या मागे दिसणारे डोंगर आपल्या ओळखीचे नसतात. आपल्या आजी-आजोबांनी या चित्रांपुढे गुडघे टेकून रोजरी म्हटली आणि त्यांच्या प्रार्थना देवाने ऐकल्या, याविषयी आमच्या मनात तिळमात्र शंका नाही. तरीही शिवारात हळद काढणारी, डोक्यावर पदर घेतलेली एखादी माउली पाहिली की कधीतरी मनात येऊन जाते, की नाझरेथची ती गरीब सुतारघरची गृहिणी खरे तर हिच्यासारखीच दिसत असणार.

हा विचार सुमारे शतकापूर्वी एका गोवेकर तरुणाच्या मनात आला आणि तो त्याने मनातच ठेवला नाही. त्याने देवमातेला साडी नेसवून कागदावर उतरविले. त्यासाठी त्याला आपली जन्मभूमी सोडावी लागली आणि आयुष्याची बहुतेक वर्षे त्याने पुण्यात काढली. त्या चित्रकाराचे नाव आंजेलो द फोन्सेका. आज त्यांचे जीवन आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत. त्यांच्या चित्रांत त्यांच्या गुरूंच्या शैलीचे जे पडसाद ऐकू येतात, त्यांचा मागोवा घेत गेलो तर वाट थेट आपल्या मराठवाड्यात, अजिंठ्याच्या लेण्यांपाशी येऊन पोहोचते, हे त्यामागचे आणखी एक कारण.

आंजेलो यांचा जन्म १९०२ साली गोव्यातील सांत इस्तेव्ह या बेटावर एका सुखवस्तू कॅथोलिक कुटुंबात झाला. मांडवीच्या खाड्यांनी वेढलेले हे बेट स्थानिक लोकांत जुवें या नावाने ओळखले जाते आणि तेथील भाजीपाला, विशेषतः भेंडी, गोवाभर प्रसिद्ध आहे. त्या काळी गोव्यावर पोर्तुगीजांचा अंमल होता. प्रतिष्ठित ख्रिस्ती घरांतील मुलांना शिक्षणासाठी बेळगाव, पुणे, मुंबई येथे पाठविण्याची रीत होती आणि आंजेलो यांचेही शिक्षण तसेच झाले. पुढे त्यांनी डॉक्टर व्हावे अशा अपेक्षेने मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांचा प्रवेश झाला. तेथे त्यांचे मन रमले नाही. वैद्यकीचे शिक्षण सोडून त्यांनी सर जे. जे. कला विद्यालयाची वाट धरली. घरच्यांना तेव्हा काय वाटले असेल, याची कल्पना आजच्या पालकांनाही सहज करता येईल!

जे. जे. मध्ये त्या काळी मुख्यत्वे युरोपीय वास्तववादी पद्धतीचे शिक्षण दिले जाई. समोर दिसणारी वस्तू जशीच्या तशी, छायाप्रकाशासह आणि घनतेसह कॅनव्हासवर उतरविणे ही तेथील कसोटी होती. याच विद्यालयात गोव्याचेच एक थोर कॅथोलिक चित्रकार, अंतोनियो झेवियर त्रिंदाद, अध्यापन करीत होते. तैलरंगातील व्यक्तिचित्रणात त्यांचा हातखंडा होता. म्हणजे आंजेलो यांना त्या मार्गाने जाऊन नाव मिळविणे अशक्य होते असे नाही, आदर्श समोरच होता. परंतु या पद्धतीने मनातील गोष्ट सांगता येणार नाही असे त्यांना वाटू लागले. जे. जे. चे हे शिक्षण निरुपयोगी होते असे आम्ही म्हणणार नाही. माणसाच्या शरीराची ठेवण, हाताची मूठ, मानेचा कल या गोष्टी हुकमीपणे काढण्याची जी तयारी त्यांच्या पुढील चित्रांत दिसते, तिचा पाया तेथेच घातला गेला असावा. मात्र त्यांना हवे असलेले गुरू मुंबईत नव्हते. ते बंगालमध्ये होते. आंजेलो तेथे गेले आणि अवनींद्रनाथ टागोर व नंदलाल बोस यांचे शिष्य झाले.

येथे थोडे थांबून या दोन गुरूंची ओळख करून घेणे आवश्यक आहे, कारण त्यांच्यावाचून फोन्सेका समजत नाहीत.

अवनींद्रनाथ हे कविवर्य रवींद्रनाथांचे पुतणे, जन्म १८७१. तरुणपणी त्यांनीही युरोपीय पद्धतीचेच धडे घेतले होते. पुढे कलकत्त्याच्या सरकारी कला विद्यालयाचे प्राचार्य हॅवेल यांच्या सहवासात त्यांची दृष्टी मुघल आणि राजस्थानी लघुचित्रांकडे वळली. विशेष म्हणजे हे हॅवेल स्वतः इंग्रज होते, आणि भारतीय विद्यार्थ्यांनी भारतीय कला शिकावी यासाठी त्यांनी आपल्याच लोकांची नाराजी ओढवून घेतली. १९०३ च्या सुमारास जपानचे दोन चित्रकार, योकोयामा ताइकान आणि हिशिदा शुन्सो, कलकत्त्यास आले. त्यांच्या कामाच्या रीतीवरून अवनींद्रनाथांनी जलरंगाची आपली स्वतःची पद्धत सिद्ध केली. तिलाच वॉश पद्धत म्हणतात. तीत कागदावर रंग लावून तो वाळू देतात आणि मग सबंध कागद पाण्यात बुडवितात. वरवरचा रंग निघून जातो, उरलेला कागदाच्या धाग्यांत मुरतो. पुन्हा रंग, पुन्हा पाणी, असे अनेकदा केल्यावर चित्रावर पहाटेच्या धुक्यासारखी एक तलम झिलई येते. कडा विरघळतात, पण रेषा मात्र टिकून राहते. १९०५ साली वंगभंगाच्या चळवळीत त्यांनी याच पद्धतीने भगव्या वस्त्रातील चतुर्भुज भारतमातेचे चित्र काढले, ते बहुतेक वाचकांनी शालेय पुस्तकात पाहिले असेल.

नंदलाल बोस हे अवनींद्रनाथांचे पट्टशिष्य, जन्म १८८२. आपल्या दृष्टीने त्यांच्या चरित्रातील सर्वांत महत्त्वाची घटना मराठवाड्यात घडली. १९०९-१० आणि १९१०-११ या दोन हिवाळ्यांत लेडी हेरिंगहॅम या इंग्रज विदुषी अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करून घेण्यासाठी आल्या होत्या. अजिंठा तेव्हा निजामाच्या राज्यात होता, तसे वसमतही होते. त्यांच्या मदतीला कलकत्त्याहून जे तरुण चित्रकार आले, त्यांत नंदलाल होते. सोबत असितकुमार हलदार, व्यंकटप्पा आणि समरेंद्रनाथ गुप्त हेही होते, आणि हैदराबादेहून सय्यद अहमद व महंमद फजलुद्दीन हे चित्रकार आले होते. अंधाऱ्या लेण्यांत तासन् तास उभे राहून, भिंतीवरच्या रेषेबरोबर आपला हात फिरवीत या तरुणांनी ती चित्रे उतरवून घेतली. पहिल्या लेण्यातील हातात कमळ धरलेला बोधिसत्त्व, त्याचे खाली वळलेले डोळे आणि किंचित कललेले मस्तक आपल्यापैकी पुष्कळांनी सहलीत पाहिले आहे. सतराव्या लेण्यात भिक्षापात्र घेऊन दारी आलेल्या बुद्धासमोर आपल्या लहानग्याला पुढे करणारी माता आहे. ती यशोधरा आणि तो राहुल असे मानतात.

अजिंठ्याच्या प्रतिकृती करण्याचा मान तसा जे. जे. चाही आहे, हे येथे नमूद केले पाहिजे. ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली मुंबईच्या विद्यार्थ्यांनी १८७२ ते १८८५ या काळात हेच काम केले होते, आणि त्यांतील पुष्कळ चित्रे पुढे लंडनमध्ये आगीत जळाली. मुंबईने अजिंठा पाहिला नव्हता असे नव्हे. पण मुंबईच्या विद्यार्थ्यांसाठी ती बहुतांशी जतन करण्याजोगी पुरातन वस्तू राहिली, तर नंदलाल तेथून एक जिवंत रेषा घेऊन परतले. गोलाई दाखविण्यासाठी सावली न वापरता केवळ रेषेच्या जाड-बारीकपणाने शरीर उभे करणे, बोटांच्या मुद्रेतून मनातील भाव सांगणे, डोळे मिटत आलेले ठेवून चेहरा अंतर्मुख करणे या गोष्टी त्यांच्या हातात कायमच्या उतरल्या. पुढे शांतिनिकेतनात १९१९ साली सुरू झालेल्या कलाभवनाचा कारभार त्यांच्याकडे आला आणि त्यांनी तेथे विद्यार्थ्यांच्या पिढ्या घडविल्या. १९३८ च्या हरिपुरा काँग्रेससाठी त्यांनी गावकऱ्यांच्या रोजच्या जीवनाची जी फलकचित्रे काढली, ती आणि भारतीय संविधानाच्या मूळ प्रतीवरील सजावट ही त्यांची कामे सर्वश्रुत आहेत.

गुरू म्हणून नंदलालांची थोरवी अशी, की त्यांच्या शिष्यांची चित्रे एकमेकांसारखी दिसत नाहीत. रामकिंकर बैज, विनोदविहारी मुखर्जी आणि आपल्या कोल्हापूरकडचे विनायक मासोजी यांची कामे शेजारी ठेवली, तर ती एकाच गुरूची मुले आहेत हे ओळखायला वेळ लागतो. मासोजी यांनीही प्रभू येशूच्या जीवनातील प्रसंग रंगविले आहेत, ही गोष्ट मराठी ख्रिस्ती वाचकांना फारशी माहीत नसते.

या वातावरणात आंजेलो शिकले. त्यांनी अवनींद्रनाथांकडून वॉश घेतला, नंदलालांकडून रेषा घेतली. फोन्सेका यांच्या जलरंगातील मरिया पाहताना प्रथम जाणवते ती शांतता. तिच्या चेहऱ्यावर प्रखर प्रकाश पडलेला नसतो. तो प्रकाश कागदाच्या आतून झिरपत येतो, आणि ही किमया अवनींद्रनाथांची. तिचे डोळे खाली वळलेले असतात, मान किंचित कललेली असते, हाताची बोटे लांबसडक आणि बोलकी असतात. हे अजिंठ्याचे वळण नंदलालांच्या हातून आलेले. साडीच्या काठाची रेषा खांद्यावरून निघते आणि न तुटता पायांपर्यंत जाते. पाय बहुधा अनवाणी असतात. मागे मोठे महाल नाहीत, सोनेरी सिंहासन नाही. एखादा दिवा, एखादे भांडे, एखादे झाड एवढ्यावर काम भागते. आपण तिच्या घरात उभे आहोत आणि मोठ्याने बोलू नये, असे वाटते.

आणि तरी ही चित्रे गुरूंच्या चित्रांची नक्कल नाहीत. हा मुद्दा आम्हांस महत्त्वाचा वाटतो, म्हणून तो थोडा विस्ताराने मांडतो. अवनींद्रनाथांच्या चित्रांतील धुके पुष्कळदा स्वप्नाचे असते. त्यांतील माणसे दूरच्या काळात, कथेत किंवा स्मृतीत वावरतात. फोन्सेका यांना असे चालणारे नव्हते. त्यांच्या श्रद्धेनुसार शब्द खरोखर देह झाला होता, ठरावीक काळी, ठरावीक गावी, एका स्त्रीच्या उदरी. त्यामुळे धुक्यातूनही त्यांची मरिया ठोस राहते. तिच्या कडेवरच्या बाळाला वजन आहे. पुढील वर्षांत त्यांचे रंग अधिक स्पष्ट, अधिक सपाट आणि आकार अधिक भरीव होत गेले. वॉशबरोबर त्यांनी टेम्परासारखी माध्यमेही हाताळली. गुरूंची रेषा राहिली, पण ती आता चर्चच्या भिंतीवर दुरून पाहणाऱ्या भाविकालाही कळावी इतकी ठाम झाली. नंदलाल ज्या रेषेने खेड्यातील ढोलकीवाला, सुतार, सूत कातणारी स्त्री यांना प्रतिष्ठा देत, त्याच रेषेने शिष्याने सुतार योसेफला आणि त्याच्या घरच्यांना भारतीय खेड्यात आणून वसविले. शिष्याने गुरूची भाषा घेतली आणि तीत आपली प्रार्थना म्हटली. आमच्या मते पडसाद म्हणतात तो असा असतो.

मराठी ख्रिस्ती वाचकाला यात एक जुनी ओळख पटेल. फादर स्टीफन्स यांनी १६१६ साली छापलेल्या ख्रिस्तपुराणात हेच केले होते. ओवी त्यांची नव्हती, ती या मातीत घडलेली होती. त्यांनी ती शिकून घेतली आणि तीत ख्रिस्तचरित्र सांगितले. फादर स्टीफन्स इंग्लंडातून आले आणि त्यांनी मराठी रूप स्वीकारले याचे तेव्हापासून आजवर कौतुक झाले. फोन्सेका येथलेच असून त्यांनी येथले रूप स्वीकारले, तेव्हा मात्र त्यांच्या वाट्याला वेगळा अनुभव आला.

बंगालमधील शिक्षण संपवून १९३० च्या सुमारास ते गोव्यास परतले. शिकून आलेल्या मुलाचे गावाने स्वागत करावे अशी अपेक्षा असणे स्वाभाविक होते. झाले उलटे. साडी नेसलेली देवमाता पाहून गोव्यातील प्रतिष्ठित ख्रिस्ती समाज आणि धर्माधिकारी अस्वस्थ झाले. पवित्र मरियेला हिंदू स्त्रीच्या वेषात दाखविणे हा अनादर आहे, ही मूर्तिपूजकांची कला आहे, असा त्यांचा समज झाला. त्या मंडळींना आज सरसकट दोष देणे सोपे आहे, परंतु ते न्यायाचे होणार नाही. पोर्तुगीज गोव्यात चार शतके ख्रिस्ती असणे आणि युरोपीय पद्धतीने राहणे या दोन गोष्टी इतक्या एकजीव झाल्या होत्या, की एक काढली तर दुसरीही जाईल अशी प्रामाणिक भीती अनेकांना वाटत असणार. वेष बदलला तर ओळख पुसली जाईल, ही धास्ती अल्पसंख्य समाजाला आजही वाटते. आपल्या धर्मग्रामांतही नवीन चालीचे भजन सुरू झाले की थोडी कुरकुर होतेच. पण त्या धास्तीची किंमत एका कलावंताने मोजली, हेही तितकेच खरे. फोन्सेका यांनी वाद घातल्याचे किंवा ख्रिस्तसभेपासून फारकत घेतल्याचे दिसत नाही. त्यांनी गोवा सोडला, चित्रविषय सोडला नाही.

त्यांना आसरा मिळाला तो पुण्यात, शिवाजीनगर येथील ख्रिस्त प्रेम सेवा संघाच्या आश्रमात. हा आश्रम कॅथोलिक नव्हता. जॅक विन्स्लो या अँग्लिकन धर्मगुरूंनी १९२२ साली अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, येथे हा संघ स्थापन केला आणि काही वर्षांनी तो पुण्यास आणला. रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या जीवनाचा विन्स्लो यांच्यावर खोल प्रभाव होता. खादी वापरणे, जमिनीवर बसून जेवणे, भारतीय भजने गाणे, अशी तेथील राहणी होती. एक गोवेकर कॅथोलिक चित्रकार अँग्लिकन बंधूंच्या आश्रमात राहून मरियेची चित्रे काढतो, ही गोष्ट त्या काळात किती विलक्षण वाटली असेल, याचा अंदाज आपल्यातील ज्येष्ठांना येईल. मिश्र प्रार्थनासभांची कल्पनाही तेव्हा फारशी रुळलेली नव्हती. आश्रमात त्यांना एक खोली, निवांतपणा आणि समजूतदार सोबत मिळाली. चित्रकाराला आणखी काय लागते? अर्थात पैसा लागतो, आणि तो त्यांच्यापाशी कधी फार नव्हता.

त्यांच्या पाठीशी उभे राहिलेल्या कॅथोलिक व्यक्तींत अग्रभागी होते येशूसंघीय फादर हेन्री हेरास. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात इतिहासाचे अध्यापन करणारे हे स्पॅनिश धर्मगुरू सिंधू संस्कृतीचे अभ्यासक म्हणून विद्वानांत परिचित आहेत. त्यांनी १९२६ साली स्थापन केलेली इतिहास संशोधन संस्था आज त्यांच्याच नावाने चालते. भारतातील ख्रिस्तसभेने भारतीय कलेत बोलले पाहिजे, असे फादर हेरास यांचे ठाम मत होते. त्यांनी फोन्सेका यांना विषय सुचविले, चित्रे काढून घेतली, त्यांच्या कार्याविषयी लिहिले. आपल्या माणसांनी नाकारलेल्या कलावंताला एका परदेशी धर्मगुरूने भारतीय राहण्याचे बळ दिले, यातील गंमत फोन्सेका यांच्याही लक्षात आली असेलच. गुरूच्या गुरूला हॅवेल भेटले, शिष्याला हेरास भेटले.

रोममध्येही वारे बदलू लागले होते. चीनमधील पोपमहोदयांचे प्रतिनिधी म्हणून काम केलेले महागुरू चेल्सो कोस्तांतिनी यांनी तेथील चित्रकारांना चिनी पद्धतीने ख्रिस्ती चित्रे काढण्यास उत्तेजन दिले होते. पोप बारावे पायस यांनी १९५१ साली मिशनकार्याविषयी काढलेल्या परिपत्रकात स्थानिक लोकांच्या कलेचा आणि संस्कृतीचा आदर करण्याचा उपदेश केला. असे बदल वरून खाली झिरपायला बराच काळ लागतो, हे मात्र खरे.

१९५० नंतरच्या काळात फोन्सेका यांचा विवाह आयव्ही यांच्याशी झाला. त्यांना एक कन्या झाली. विवाहानंतरच्या अनेक चित्रांतील मरियेच्या मुखावर पत्नीची छाया आहे, असे जाणकार सांगतात. चित्रकाराने आपल्या घरातील चेहरा देवमातेला द्यावा, यात नवे काही नाही. इटलीतील थोरामोठ्यांनी तेच केले होते आणि त्यांच्या शेजारणींचे चेहरे आज आपल्या कॅलेंडरांवर आहेत. फरक इतकाच, की फोन्सेका यांच्या घरातील चेहरा भारतीय होता.

याच सुमारास गोव्याचेच दुसरे एक नाव जगभर गाजत होते, ते फ्रान्सिस न्यूटन सोझा यांचे. तेही कॅथोलिक, तेही जे. जे. मधून बाहेर पडलेले. सोझा यांचा ख्रिस्त वेदनेने आणि संतापाने भरलेला आहे, त्याच्या रेषा काट्यांसारख्या बोचतात. कलाजगताने सोझा यांना उचलून धरले आणि फोन्सेका मागे पडले. समीक्षकांच्या लेखी ते धार्मिक चित्रकार होते, आणि धार्मिक मंडळींच्या लेखी ते पुरेसे धार्मिक नव्हते. या दोन्हींच्या मधल्या जागेत त्यांनी शेकडो चित्रे काढली. गब्रिएल दूताची घोषणा, अलिशिबेची भेट, गव्हाणीतील जन्म, क्रुसाची वाट हे विषय ते पुनःपुन्हा हाती घेत. रोजरीचे रहस्य दररोज तेच असून दररोज नवे वाटते, तसेच काहीसे हे असावे.

त्रिंदाद यांच्या कन्या अँजेला त्रिंदाद यांचा उल्लेखही येथे करावासा वाटतो. वडिलांकडून त्यांनी युरोपीय तैलचित्रणाचे धडे घेतले, आणि पुढे त्याही भारतीय वेषातील मरियेकडे वळल्या. वडिलांच्या तालमीत तयार झालेला हात आणि भारतीय रूप, असा तेथे मेळ आहे. त्यांच्याविषयी स्वतंत्रपणे लिहिण्यासारखे पुष्कळ आहे.

४ डिसेंबर १९६३ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने पवित्र उपासनेविषयीचा दस्तऐवज प्रसिद्ध केला. ख्रिस्तसभेने कोणतीही एक कलाशैली आपली म्हणून ठरविलेली नाही आणि सर्व लोकांच्या, सर्व प्रदेशांच्या कलेला तिच्यात स्थान आहे, असा त्यातील कलाविषयक भागाचा आशय आहे. ज्या गोष्टीसाठी फोन्सेका यांना घर सोडावे लागले, तीच गोष्ट आता सार्वत्रिक परिषदेची शिकवण झाली होती. तेव्हा त्यांचे वय साठी ओलांडून गेले होते. त्यापूर्वी दोनच वर्षे, डिसेंबर १९६१ मध्ये, गोव्यातील पोर्तुगीज राजवटही संपली होती. दोन्ही दारे उघडली, पण फोन्सेका पुण्यातच राहिले. गुरू नंदलाल १९६६ साली निवर्तले. २८ डिसेंबर १९६७ रोजी, निरपराध बालकांच्या सणाच्या दिवशी, मेंदूज्वराने आंजेलो द फोन्सेका यांचे पुण्यात निधन झाले. नाताळ होऊन तीन दिवस झाले होते.

त्यानंतर पुष्कळ वर्षे त्यांचे नाव फारसे कोणी घेतले नाही. पुण्यातील आश्रम १९७० च्या दशकात अँग्लिकन आणि कॅथोलिक भगिनींनी एकत्र येऊन पुन्हा चालू केला, आणि भारतीय पद्धतीची प्रार्थना शोधणाऱ्या अनेकांना फोन्सेका यांची चित्रे नव्याने भेटली. पुण्यात १९४४ साली जन्मलेले ज्योती साही यांच्यासारख्या पुढच्या पिढीतील कलावंतांनी भारतीय ख्रिस्ती कलेची वाट आणखी पुढे नेली. ही चित्रे नाहीशी झाली नाहीत, याचे मोठे श्रेय मात्र आयव्ही फोन्सेका यांना दिले पाहिजे. बाजारात ज्यांना भाव नव्हता, चर्चच्या भिंतींवर ज्यांना क्वचितच जागा मिळाली होती, अशी ती कागदावरची नाजूक जलरंगचित्रे त्यांनी जवळजवळ चार दशके सांभाळली. पावसाळ्यात ओल आणि उन्हाळ्यात वाळवी यांपासून जुने कागद जपणे म्हणजे काय, हे धर्मग्रामाची जुनी बाप्तिस्मा-पुस्तके हाताळणाऱ्यांना सांगायला नको.

२००६ साली त्यांनी हा संग्रह येशूसंघीयांच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्राकडे सोपविला. हे केंद्र गोव्यात, पणजीपासून मांडवीच्या पलीकडे पर्वरी येथे आहे. तेथून जुवें बेटावर जायला फार वेळ लागत नाही.